फौज, वावर आणि जर्मनीतली नर्सिंगची शाळा : एका जवानाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी आणि घाटंजीच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावातला मुलगा २०१४ मध्ये सैन्यात भरती झाला. वडिलांना लकवा मारला म्हणून २०२२ मध्ये नोकरी सोडून घरी आला. ऑगस्ट २०२३ मध्ये वडील गेले. मार्च २०२५ मध्ये, तिशीला टेकलेला असताना, तो जर्मनीला नर्सिंग शिकायला गेला. मागे साठीतली आई, सात एकर बहुतांश कोरडवाहू वावर आणि गावाची बोलणी राहिली. गावात त्याला सगळे फौजीच म्हणतात. त्याच्या परवानगीनं लिहिताना मीही तेच नाव वापरते आहे.

मी तालुक्याच्या अभ्यासिकेत मुलांना पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला देते. परदेशी जायचं म्हणून येणाऱ्या घरात बोलणं फी, व्हिसा आणि भाषा या तीन गोष्टींत सुरू होतं आणि तिथंच संपतं. फौजीच्या बाबतीत अर्धा पेच कागदांचा होता आणि अर्धा आईचा. आईचा प्रश्न घरगुती म्हणून बाजूला सारला असता, तर तो गेला नसता. गेला असता तरी पहिल्या हिवाळ्यात परत आला असता. हे माझं ठाम मत आहे, आणि त्या भागावर मी जास्त लिहिणार आहे.

कामाची आठ वर्षं, कागद एकही नाही

फौजी बारावी सायन्स. भरतीत तो आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून निवडला गेला आणि लखनौच्या केंद्रात शिकला. पुढची आठ वर्षं त्यानं जखमा धुतल्या, सलाईन लावलं, कॅथेटर बदलले, वॉर्डात रात्री काढल्या. २०२० मध्ये कोरोनाच्या वॉर्डात पीपीई किट घालून उभा राहिला. गावाला त्याची ही बाजू २०१७ मध्ये कळली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. फौजी तेव्हा सुटीवर होता. फवारा मारून आलेल्या कोणाला घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली की लोक आधी त्याच्याकडं धावत. तो अंगावरचे कपडे उतरवायला लावायचा, साबणानं अंग धुवायला लावायचा, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत द्यायचा आणि घरी थांबू न देता यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पाठवायचा.

तरी नागरी जगात या आठ वर्षांची किंमत जवळजवळ शून्य निघाली. त्याच्याकडे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नव्हती, त्यामुळे दवाखान्यात नर्स म्हणून लागता येईना. सैन्यात जवानाला पेन्शन लागायला १५ वर्षांची सेवा लागते. स्वतःच्या विनंतीवरून आणि पेन्शन न मिळवता बाहेर पडलेला माणूस सरकारी व्याख्येत माजी सैनिक धरला जात नाही, म्हणून राखीव जागांचा दरवाजाही बंद. इग्नूची बी.ए. अर्धवट. एका खासगी दवाखान्यानं त्याला महिना नऊ हजारांवर वॉर्डबॉय म्हणून ठेवायची तयारी दाखवली. त्यानं ते नाकारलं, आणि बरोबरच केलं.

नोकरी सोडली ती का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो एकुलता एक मुलगा. बहीण दिग्रसकडे दिलेली, जावई जिल्हा परिषदेत शिक्षक. डिसेंबर २०२१ मध्ये वडिलांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आईला एकटीला त्यांना कूस बदलून देणं जमेना, पाठीवर जखमा झाल्या. फौजीनं घरच्या कारणासाठी सेवामुक्तीचा अर्ज केला, घरच्या परिस्थितीची चौकशी झाली, अर्ज मंजूर झाला. युनिटमधल्या सुभेदार साहेबांनी त्याला आणखी सात वर्षं कशीही काढ म्हणून समजावलं होतं. हिशेबानं त्यांचं बरोबर होतं.

घरी आल्यावर त्यानं वडिलांच्या पाठीवरच्या जखमा तीन महिन्यांत भरून आणल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. घास गिळताना ठसका लागू नये म्हणून हनुवटी छातीकडे झुकवून भरवायचं. हे त्यानं एका वहीत तारीख-वेळ घालून लिहून ठेवलं होतं, कारण वॉर्डात तशी सवय होती. ती वही पुढं फार कामाला आली.

वडील गेल्यावर

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी तो अभ्यासिकेत आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, ज्याच्यासाठी आलो तो माणूसच गेला. आता मी इथं कायले आहो, हे मले समजून नाही रायलं.”

पैशांचा हिशेब आधी मांडला. सुटताना पी.एफ. आणि ग्रुप इन्शुरन्सचे मिळून नऊ लाखांच्या आसपास आले होते. नागपूरचा दवाखाना, फिजिओथेरपी आणि वडिलांच्या नावचं पीक कर्ज यांत बरेचसे गेले. उरले साडेतीन लाख. वावरात कपाशी आणि तूर. चांगल्या वर्षी घर चालतं, वाईट वर्षी उसनवारी होते.

ब्रिटनला गेलेल्या कोणाचे तरी व्हिडिओ त्यानं पाहिले होते. तो रस्ता आम्ही एका बैठकीत बंद केला. तेव्हाच्या नियमानं लंडनबाहेर शिकणाऱ्यालाही महिना १०२३ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे ९२०७ पौंड खात्यात दाखवावे लागत, म्हणजे साडेनऊ लाखांच्या पुढं, आणि फी वेगळी. कर्ज काढावं तर तारण काय? शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्यात शेतजमीन वगळली आहे आणि कर्ज बुडालं तर बँकेला त्या कायद्यानं ती ताब्यात घेता येत नाही. गावठाणातलं घर नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत; तेही तारणाला चालेना. जावई सहकर्जदार व्हायला तयार होते, पण बहिणीचा संसार त्यात ओढायला फौजी तयार नव्हता. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते हे खरं. पण तिथंही त्या वर्षी ११,२०८ युरो, म्हणजे दहा लाखांच्या आसपास, बंद खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, ठेवावे लागत होते. शिवाय पदवी कुठं होती?

मग आउसबिल्डुंगचा विचार पुढं आला. जर्मनीतलं हे व्यवसाय-शिक्षण नोकरीला जोडलेलं असतं. आधी दवाखान्याशी किंवा वृद्धाश्रमाशी करार होतो, मग त्यांच्या किंवा त्यांच्याशी जोडलेल्या शाळेत शिकायचं आणि मुख्यतः त्यांच्याच वॉर्डात काम करायचं. नर्सिंगचा नवा कायदा तिथं २०२० पासून लागू आहे. तीन वर्षांत किमान २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे, शेवटी सरकारी परीक्षा. फी नाही. उलट पहिल्या वर्षापासून विद्यावेतन, सार्वजनिक दवाखान्यांच्या २०२४ च्या दरानं महिना सुमारे १३४० युरो. एवढं वेतन करारात असलं की बंद खात्याची गरज राहत नाही. बारावी पुरते. करार हातात असेल तर वयाची आडकाठी नाही. अट एकच, पण जबर: व्हिसाला बी-वन पातळीची, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतली तिसरी पायरी गाठलेली जर्मन, आणि बहुतेक शाळांना बी-टू, म्हणजे चौथी.

आठ वर्षं वॉर्डात राबलेल्या माणसानं पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायचं का, हा प्रश्न मी त्याला विचारला. त्यानं दोन दिवस घेतले. “वर्दीत पन शून्यापासूनच सुरू केलं होतं,” म्हणाला. मला स्वतःला हा मार्ग पटला तो आणखी एका कारणानं. त्याला जे येत होतं त्याला इथं कागद नव्हता, आणि तिथं तो कागद विकत न घेता कमावता येत होता. पंचवीस लाख भरून कुठली तरी मास्टर्स आणण्यापेक्षा हे मला सरळ वाटलं.

एजंट

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार, असा आकडा वर्तमानपत्रांत आला. पंधरा दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी जर्मनीच्या पाट्या लागल्या. एका एजंटानं फौजीला साडेचार लाख सांगितले: चार महिन्यांत बी-टू, नोकरीची हमी, पासपोर्ट आमच्याकडं जमा.

मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. अशा एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दुसरं म्हणजे भाषा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानं बी-टूला पंचेचाळीस मिनिटांचे सहाशे ते आठशे तास लागतात. चार महिन्यांत ते बसवायचे तर रोज पाच-सहा तास वर्ग, आणि वावर कोण करणार? त्या एजंटाची नोंदणी सापडली नाही. पासपोर्ट कोणाच्याही हाती ठेवायचा नाही, एवढं एक मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

वर्ग त्यानं ऑनलाइन लावला, संध्याकाळी सात ते साडेआठ. हरभऱ्याला रात्रीची लाइन असली की मोटर सुरू करून बांधावर बसून वर्ग. तुरीत रानडुकरं आणि रोही घुसतात म्हणून जागलीला जावं लागे. माळ्यावर बसून तो जर्मन बातम्या ऐकायचा, एकाच कानात इअरफोन, दुसरा कान वावराकडं. बी-वनच्या परीक्षेत वाचन, ऐकणं आणि बोलणं निघालं, लेखन राहिलं. या परीक्षेत चार भाग वेगळे धरतात आणि प्रत्येकाला साठ गुण लागतात, म्हणून एकट्या लेखनाचीच परीक्षा पुन्हा द्यावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बी-टू निघाली. तेराव्यानंतरच्या त्या बैठकीपासून वर्षाहून जास्त काळ लोटला होता.

आई

गावाचं बोलणं बी-टूच्या आधीच सुरू झालं होतं. “मायबापासाठी नोकरी सोडली म्हने, अन् आता मायलेच सोडून चालला.” चुलत्यानं तर पारावर सगळ्यांदेखत सुनावलं, “जर्मनीत जाऊन परक्या म्हाताऱ्यायचं हागनं-मुतनं काढनार, त फौजेची वर्दी काय वाईट होती?” फौजी तसा उत्तर देणारा नाही. त्या दिवशी एवढंच बोलला, “बाबाचं काढलं तवा कोनी काई म्हनलं नाई.”

पण चुलत्याच्या बोलण्यात एक काटा खरा होता. ज्या कामासाठी तो तिथं पगार घेणार, त्याच कामाची इथं त्याच्या आईला पाच-दहा वर्षांत गरज पडणार. हे मी त्याच्यासमोर उघड मांडलं आणि सांगितलं की आईची व्यवस्था कागदावर उतरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. आईला माझ्याकडे आणायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, मीच येते.

पहिला विषय वावराचा. वारसांचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर आई, तो आणि बहीण अशी तीन नावं लागली होती. आपल्याकडे वावर मक्त्यानं देतात ते तोंडी, एका हंगामापुरतं. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, आणि कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल ही धास्ती अजून घराघरांत आहे. तोंडी व्यवहारात मालक माणूस गावात असतो तोवर ठीक. तो परदेशी गेला की आकडे फिरायला लागतात. म्हणून वकिलाकडून एका हंगामाचं लेखी लिहून घेतलं. चुलतभावाला सहा एकर. अर्धी रक्कम पेरणीआधी, अर्धी कापूस विकल्यावर, दोन्ही आईच्या खात्यात. चुलतभावाला हे लागलं. “घरातल्या घरात स्टॅम्प पेपर?” म्हणाला. बहिणीनं त्याची समजूत घातली.

सातवा एकर विहिरीजवळचा. तो आईनं द्यायला साफ नकार दिला. “माहं मी पेरीन. वांगे, मिरच्या, दोन तास तुरीचे. हात रिकामे झाले त मी मरन.” कागदावर हा एकर तोट्याचा आहे. तरी तो राखला हे बरं झालं, कारण रोज सकाळी तिला घराबाहेर पडायचं कारण राहिलं.

रात्रीचा प्रश्न: शेजारची विधवा चुलत जाऊ सोबतीला झोपते. बी.पी.च्या गोळ्या उपकेंद्रातून, आशाताई महिन्याला बघतात. जावयाच्या घरी जाऊन राहायला आईनं नकार दिला, तो विषय दुसऱ्यांदा कोणी काढला नाही. फौजी पाठवेल ते पैसे तिच्याच खात्यात जातील, चुलत्याच्या किंवा जावयाच्या नाही, यावर मी अडून बसले. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे मागायला लागणारी आई मुलाला फोनवर सगळं ठीक आहे असंच सांगते. हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

मग तिनं स्वतःच विचारलं. आम्ही कोणीच तो प्रश्न काढला नव्हता.

“मी मेली त तुले याले किती दिवस लागन?”

फौजीनं खोटं सांगितलं नाही. सुटी मिळून, विमान मिळून, नागपूरहून गाडीनं गावात यायला दोन दिवस, कदाचित जास्त.

ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. “मंग दोन दिवस मढं ठिवू नका. पोरगी देईन आग. तू तेराव्याले ये.”

त्या आठवड्यात त्यानं सव्वा लाखाची मुदत ठेव बहिणीच्या नावावर केली. ती फक्त तिकिटासाठी, आजारपणात किंवा शेवटच्या वेळी येण्यासाठी. साडेतीन लाखांतून भाषेचा आणि परीक्षांचा खर्च वजा जाऊन जे उरलं होतं, त्यातला मोठा वाटा यात गेला. मला विचाराल तर त्या पैशांचा याहून चांगला उपयोग नव्हता. त्यानंतर आई गावात स्वतः सांगू लागली की पोरगा शिकायला चालला, आणि पारावरचं बोलणं हळूहळू थंडावलं.

जाणं

बाकीचं भरभर सांगते. अर्ज त्यानं थेट पाठवले, जर्मन सरकारच्या संकेतस्थळांवर जागा शोधून. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. सैन्यातल्या कामाबद्दल लिहिताना युनिटचं नाव, पोस्टिंगची ठिकाणं, रुग्णांचे आकडे काहीही द्यायचं नाही असं ठरवलं. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा नोकरी सुटली म्हणून सुटत नाही, आणि दवाखान्याला ती माहिती लागतही नाही. कामं कोणती केली आणि किती वर्षं केली, एवढं पुरतं. दहावीच्या सनदेवर, डिस्चार्ज बुकात आणि आधारवर वडिलांच्या नावाची स्पेलिंगं तीन तऱ्हेची होती. ती जुळवण्यात जेवढा वेळ गेला तेवढा व्हिसातही गेला नाही. गोवराच्या लसीचा पुरावा लागला, कारण तिथं दवाखान्यात काम करणाऱ्याला तो २०२० पासून बंधनकारक आहे.

मुलाखत व्हिडिओवर झाली. सैन्य का सोडलं, असं त्यांनी विचारलं. त्यानं वडिलांची वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि पानं उलटत, अडखळत्या जर्मनमध्ये, कूस बदलण्याच्या वेळा वाचून दाखवल्या. करार त्याच दवाखान्याचा आला.

एप्रिल २०२५ पासून तो शिकतो आहे. वर्गात सतरा-अठरा वर्षांची मुलं आहेत. त्यांना तो काका वाटतो, असं सांगतो. हाताच्या कामात तो पुढं आहे, लिहिण्यात मागं. तिथं रुग्णाला पाजलेल्या पाण्याचीही नोंद करावी लागते, आणि त्या नोंदींची भाषा त्याला अजून दमवते. म्हातारी माणसं बोलीत बोलतात. शाळेत शिकलेली जर्मन घेऊन त्यांच्या खोलीत जाणं म्हणजे पुण्याच्या माणसानं आमच्या बाजारात भाव विचारण्यासारखं आहे. कर आणि विमा कापून हातात हजार-अकराशे युरो येतात, त्यातून खोलीचं भाडं. पहिले सहा महिने परिविक्षेचे असतात, त्यात कोणत्याही बाजूला करार मोडता येतो. ते पार पडले.

हे लिहायला मला घाई झाली ती गावातल्या अग्निवीरांमुळं. चार वर्षं संपल्यावर त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं ठेवतात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन विशी-पंचविशीत घरी येणार, पेन्शनशिवाय आणि माजी सैनिकाच्या दर्जाशिवाय. जर्मनीच्या पाट्या लावणाऱ्यांना हा आकडा आमच्याआधी पाठ आहे. अग्निवीरांसाठी इग्नूनं वेगळी पदवी आखली आहे, तीत निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात. फौजीला ही सोय नव्हती. आमच्या भागातल्या नोकरीवर असलेल्या मुलांना मी आताच सांगते आहे की ती पदवी आणि एखादी भाषा वर्दीत असतानाच सुरू करा, आणि केलेल्या प्रत्येक कोर्सचा कागद स्वतःजवळ जपा.

फौजीचं प्रकरण मी बंद केलेलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याची मधली परीक्षा आहे. मक्त्याचा कागद दर हंगामाला नव्यानं करावा लागतो. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे; ऑपरेशन सेवाग्रामला करायचं की यवतमाळला यावर बहीण-भावाचं फोनवर चाललं आहे, आणि मुदत ठेव त्यासाठी मोडायची नाही, एवढं दोघांनाही मान्य आहे.